इच्छारेषा

रेघाताईंचं खरं नाव कार्यालयात आता कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. जिल्ह्याच्या नियोजन कार्यालयात त्या आरेखक म्हणून लागल्या, तेव्हा काचेच्या टेबलाखाली दिवा लावून ट्रेसिंग कागदावर शाईने रेघा ओढाव्या लागत. पुढे काचेचं टेबल अडगळीत गेलं, संगणक आला, पण रेघा काही सुटल्या नाहीत आणि त्यांच्यावरून पडलेलं नावही सुटलं नाही. स्वभावही तसाच, सरळ. साहेब असो की शिपाई, चुकलं की तोंडावर सांगणार. आणि स्वतःचं चुकलं तर मात्र जेवण गोड लागणार नाही, घरच्यांशी धड बोलणार नाहीत, उगाच कपाटं आवरत बसतील.

जिल्हा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला. एकेकाळी नकाशात जिथे त्यांनी हिरवा रंग भरला होता तिथे आता घरं, कारखाने, कॉलेजं आणि गोदामं आली होती. शहर तर अंगातला सदरा उसवावा तसं चहूबाजूंनी बाहेर पडलं होतं. रस्ते तेवढे जुन्याच घडणीचे राहिले. सगळे शहरात येणारे, सगळे शहरातून जाणारे. शेजारच्या खोऱ्यात जायचं असलं तरी आधी डोंगर उतरून शहरात या, स्टँडवर धक्के खा, दुसरी गाडी धरा आणि पुन्हा डोंगर चढा. हा द्राविडी प्राणायाम जिल्ह्याच्या इतका अंगवळणी पडला होता की त्याबद्दल कुणी तक्रारसुद्धा करत नसे.

रेघाताई मात्र करत, आणि त्याला कारण घरातलंच होतं. त्यांची आई अलीकडच्या खोऱ्यात, भावाच्या घरी. मावशी पलीकडच्या खोऱ्यात, तिच्या लेकाकडे. मध्ये एकच डोंगर. त्यातून एक खिंड जाते, खिंडीतून दगडाच्या खाणीसाठी केलेला एक अरुंद रस्ताही जातो, पण त्यावरून तेव्हा बस जात नसे. दोघी बहिणी डोंगराच्या दोन बाजूंना बसून म्हाताऱ्या झाल्या. आईचे गुडघे गेले. जुन्या गाडीची ती पहिली उंच पायरी म्हणजे तिला डोंगरच वाटू लागला, आणि एकदा शहरातल्या स्टँडवर गर्दीत ढकलली गेल्यापासून तिने गाडीचं नावच टाकलं. उरला फोन. तर मावशीला ऐकू कमी आणि आईला धीर कमी. त्यात अलीकडे मावशीला विसर पडायला लागला होता. बोलता बोलता मध्येच ती विचारायची, "आई घरात आहे का गं?" त्या दोघी बहिणींची आई जाऊन किती वर्षं झाली होती. असा फोन झाला की रेघाताईंची आई दिवसभर फोनजवळच बसून असायची.

"आपण गाडी करून जाऊ," असं रेघाताईंनी तिला कितीदा तरी सांगितलं.

"गाडी करून माणसं कुठे जातात?" आई म्हणायची. "दवाखान्यात, नाहीतर मयताला. मी खास गाडी करून दारात उतरले तर ताईला काय वाटेल? आपलं काही खरं नाही म्हणून ही शेवटचं भेटायला आली, असंच ना? मी जाईन तर बसनं जाईन. सहज आल्यासारखी."

एकदा तर रेघाताई चिडून म्हणाल्या, "अगं, मग बस काय तुझ्यासाठी डोंगर फोडून येणार आहे?" म्हातारीने तोंड फिरवलं. बोलल्याचं रेघाताईंना लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. मावशीची आठवण रोज थोडी थोडी झिजत होती आणि ती धाकट्या बहिणीला ओळखते आहे तोवरच भेट व्हायला हवी, हे मायलेकींना कळत होतं.

अशात जिल्ह्याच्या वाहतुकीचा नवा आराखडा करायचं ठरलं. पुढच्या पिढीला पुरेल असा, धूर कमी करणारा, माणसांना आपापली मोटार घ्यायला न लावणारा. त्यासाठी नवे साहेब बदलून आले. वयाने रेघाताईंच्या मुलाएवढे, पण डोकं जागेवर आणि जिभेवर साखर. त्यांना संगणकावरचे आकडे पुरेसे वाटत नव्हते. ते म्हणाले, "रेघाताई, सभागृहात भिंतभर नकाशा लावू. लोकांना बोलावू. जो तो आपल्या गावाला टाचणी टोचेल, जिथे जातो तिथे दुसरी टोचेल, मध्ये दोरा बांधेल. कामाला जाणाऱ्याचा लाल, शाळा-कॉलेजचा निळा, दवाखान्याचा हिरवा, बाजाराचा पिवळा. इच्छारेषा डोळ्यांना दिसू देत सगळ्यांच्या. सूचना तुम्हीच लिहा."

इच्छारेषा हा शब्द या धंद्यातला आहे. माणूस जिथून निघतो आणि जिथे पोचतो त्या दोन ठिकाणांना जोडणारी सरळ रेघ, एवढाच त्याचा अर्थ. मध्ये रस्ता कसाही वळो, रेघ सरळ. रोज कारखान्यात राबायला जाणाऱ्याच्या वाटेलाही इच्छारेषाच म्हणतात, त्याची तिथे जायची कणभर इच्छा नसली तरी. रेघाताईंनी उभ्या नोकरीत असल्या रेघा इतक्या काढल्या होत्या की त्या शब्दात 'इच्छा' आहे हे त्यांना ऐकूच येईनासं झालं होतं. त्यांनी सूचना लिहिली, छापली आणि गावोगाव पाठवून दिली: 'नागरिकांनी सभागृहात यावे आणि नकाशावर आपली इच्छारेषा ओढावी.' पुढे एका अक्षराचा खुलासा नाही.

सभागृह उघडलं त्या दिवशी सकाळी पहिला आला तो एक म्हातारा गवंडी. नकाशासमोर उभा राहून त्याने नीट न्याहाळलं, शहराच्या कडेच्या आपल्या वस्तीला टाचणी टोचली आणि दुसरी टोचली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नदीवर.

"तिथे कामाला जाता का काका?" रेघाताईंनी लाल रीळ उचलत विचारलं.

"काम कसलं आता? तरुणपणी तिथला पूल बांधला मी. पूल झाला आणि आम्हाला दुसऱ्या कामावर हलवलं. त्याच्यावरून माणसं चालताना मी कधी बघितली नाहीत. तेवढं बघायचंय."

"दवाखाना, बाजार, असं काही नाही?"

"नाही हो. सहज."

रेघाताईंच्या कपाळावर आठी पडली. 'सहज'चा दोरा त्यांच्याकडे नव्हता. शिपाईमामांनी आपल्या पिशवीतून बटणं लावायची पांढरी रीळ काढून दिली, आणि एखादाच आहे, असू दे, असं म्हणून रेघाताईंनी पांढरा दोरा बांधला.

दुसरी आली एक नर्स. तिची पहिली टाचणी दवाखान्याला लागली तेव्हा रेघाताईंना हायसं वाटलं. पण दुसरी कुठल्याशा टेकडीला. तिथे लहानपणीची मैत्रीण राहते म्हणाली. मग एक न्हावी, ज्याला नदी जिथे उगम पावते ती जागा बघायची होती. मग कॉलेजातल्या दोघी मुली, पलीकडच्या गावातल्या वाचनालयाला दोरा नेणाऱ्या. मग एक सासू आणि एक सून, दोघींचे दोरे अगदी विरुद्ध दिशांना. त्या दोघींकडे बघून मामा तोंडावर हात धरून हसले, पण रेघाताईंना हसू येईना. त्यांनी दारावर लावलेली आपलीच सूचना जाऊन पुन्हा वाचली. 'आपली इच्छारेषा ओढावी.' आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लोकांना विचारायचं होतं की तुम्ही कुठे जाता. आपण विचारून बसलो की तुम्हाला कुठे जावंसं वाटतं.

दार लावून घ्यावं असं त्यांना वाटलं. पण दाराबाहेर रांग लागली होती. खोऱ्याखोऱ्यांतून माणसं आली होती, कुणी चांगले कपडे घालून, कुणी म्हातारीला हाताला धरून. इतकी वर्षं सरकारने त्यांना काय काय विचारलं असेल, पण तुमची इच्छा काय हे विचारायची ही पहिलीच वेळ. त्यांना परत पाठवायला रेघाताईंची जीभ रेटेना. कामाचे, कॉलेजचे, दवाखान्याचे दोरेही बांधले जात होते, पण पांढऱ्या रिळा आणायला मामांना दोनदा बाजारात जावं लागलं.

दुपार कलली तशी रांग सरली. खुर्चीवर टेकलेल्या रेघाताईंनी दिवसभरात पहिल्यांदा मागे सरकून अख्खी भिंत बघितली, आणि उठून उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी या जिल्ह्याचा नकाशा काढला होता. मध्ये शहर आणि तिथून फुटणारे रस्ते, हे चित्र त्या डोळे मिटून काढू शकल्या असत्या. समोरच्या भिंतीवर ते चित्र नव्हतंच. लाल, निळे, हिरवे दोरे होते, ते शहराकडे धावत होते. पण त्यांच्यावरून, त्यांना छेदून, शहराला वळसा घालून पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं पसरलं होतं. या खोऱ्यातून त्या खोऱ्यात, टेकडीवरून नदीवर, वाडीवरून वाडीवर. कुणाच्या तोंडून कधी न निघालेलं सगळं तिथे ताणून बांधलेलं होतं.

आणि मग त्यांची नजर खिंडीवर गेली. आपण कार्यालयातल्या म्हणून त्यांनी स्वतःचा दोरा बांधला नव्हता, आईचाही नाही. ते बरोबर दिसलं नसतं. तरी खिंडीवरून पांढऱ्या दोऱ्यांची एक जाडजूड वेणी पलीकडे गेली होती. त्यातला एकही दोरा त्यांच्या घरचा नव्हता. इकडच्या कितीतरी बायकांच्या बहिणी तिकडे होत्या, तिकडच्यांच्या लेकी इकडे, कुणाचा भागीदार, कुणाचा जुना मास्तर. हे दुखणं आपल्या एकटीच्या घरातलं आहे असं त्या धरून चालल्या होत्या. ते दोन अख्ख्या खोऱ्यांचं निघालं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते त्यांनी मामांपासून लपवलंही नाही.

तेवढ्यात साहेब आले. रेघाताई पुढे झाल्या आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं. "साहेब, माझी चूक झाली. सूचना चुकीची लिहिली. लोकांनी इच्छारेषा म्हणजे खरीच इच्छा धरली. पांढरं सगळं फुकट आहे. मी पुन्हा करून देईन सगळं."

साहेब ऐकत होते की नाही कोण जाणे. ते भिंतीसमोर उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि खिंडीवरची ती वेणी बोटाने हलकेच दाबून बघितली.

"शिकताना आम्हाला हा शब्द पहिल्याच आठवड्यात शिकवतात," ते म्हणाले. "मी तेव्हापासून वापरतोय. त्याचा अर्थ मला आज कळला, रेघाताई. दोरे काढू नका."

"पण आराखड्यात हे घेणार कसे? जाण्याचं कारण काय लिहायचं?"

"ते बघू. आधी मला उद्या स्टँडवर घेऊन चला."

त्यानंतरचे कित्येक दिवस साहेब आणि त्यांची माणसं स्टँडवर उभी राहून उतरणाऱ्याला एकच गोष्ट विचारत होती: शहरात काय काम काढलंत? आणि उत्तर ऐकून साहेबांचेच डोळे विस्फारले. उतरणाऱ्यांतल्या कितीतरी माणसांचं शहरात काहीच काम नव्हतं. ती फक्त गाडी बदलायला आलेली. ज्या गर्दीपायी शहराच्या नाकी नऊ आले होते, त्या गर्दीतल्या पुष्कळांना शहरात यायचंच नव्हतं.

त्याच सभागृहात आराखडा जिल्ह्याच्या सभेपुढे आला त्या दिवशी रेघाताई मागच्या खुर्चीत हातरुमाल पिळत बसल्या होत्या. एका बाजूला शहरातल्या चौकावरचा उड्डाणपूल होता, ज्याचं चित्र रेघाताईंनीच मोठं देखणं काढलं होतं. दुसऱ्या बाजूला साहेबांच्या आडव्या गाड्या: विजेवर चालणाऱ्या, छोट्या, बुटक्या पायरीच्या, आहे त्याच रस्त्यांवरून खोऱ्याखोऱ्यांना जोडत जाणाऱ्या.

"सहज फिरायला सरकारने गाडी द्यायची?" एक सदस्य म्हणाले. "उद्या लोक चंद्राला दोरा बांधतील."

हशा झाला. साहेबही हसले. मग म्हणाले, "माणूस कामाला कसाही जातो. लोंबकळत जाईल, चालत जाईल, कर्ज काढून मोटारसायकल घेईल. गाडी नसली की बंद पडतं ते सहज जाणं. आणि गावं तर त्यावरच एकमेकांना धरून असतात. बाकी, ही माणसं शहरातून वजा झाली तर तुमच्या चौकात पूल बांधायची वेळ येते का, तेवढं बघून मग ठरवू."

अध्यक्षबाई उठून नकाशापाशी गेल्या. चष्मा लावून त्यांनी आपलं माहेर शोधलं, तिथून निघालेले दोरे कुठे कुठे जातात ते बोटाने बघत राहिल्या, आणि त्यांच्यामागे एकेक करत सगळी सभा उठून भिंतीशी गेली. जो तो आपलं गाव शोधत होता. मघाचे चंद्रवाले सदस्यही त्यात होते. पूल रद्द झाला नाही, पण मागे पडला, आणि जाड वेणी दिसेल तिथे आधी एकेक आडवी गाडी चालवून बघायचं ठरलं. सगळ्यात जाड वेणी खिंडीवर होती. रेघाताईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा वर आला, कारण त्याच आठवड्यात मावशीने फोनवर आईला ओळखलं नव्हतं.

खाणीचा रस्ता डागडुजी होऊन गाडी सुरू झाली तेव्हा आईने दोन दिवस आधीपासून पिशवी भरून ठेवली होती. गाडी आली ती आवाज न करता. दार उघडलं आणि पायरी जवळजवळ रस्त्याला टेकली. आईने सवयीने पाय उंच उचलला, खाली बघितलं, मग तो साधा पुढे टाकला आणि आत गेली. आत गेल्यावर तिने मागे वळून त्या दाराकडे असं काही बघितलं की रेघाताईंना तिच्या बाजूला नुसतं बसून राहावंसं वाटलं.

गाडी चढत गेली. खिंडीच्या तोंडाशी आली आणि एका वळणावर पलीकडचं खोरं एकदम पायाशी उघडलं. शेतं, नदीची चकाकती पट्टी, लहान लहान घरं. गाडीतल्या माना खिडक्यांकडे वळल्या. या डोंगराची अलीकडची बाजू जन्मभर बघत आलेली माणसं त्याची दुसरी बाजू पहिल्यांदाच वरून बघत होती.

"इतकं जवळ होतं?" आई एवढंच म्हणाली.

मावशी ओट्यावर उन्हात बसली होती. आईने वाटेत घोकलेलं "सहज आले" तिच्या ओठांवरच राहिलं, कारण मावशी तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होती.

"कशानं आलात?" मावशीने विचारलं.

"बसनं," आईने चाचरत सांगितलं. "खिंडीतून."

"बसनं," मावशी म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जुळत गेलं. "म्हणजे खिडकीत बसली असशील. लहानपणी अप्पांनी आपल्याला पहिल्यांदा बसमधून नेलं, तेव्हाही तूच जाऊन खिडकी धरलीस, धाकटे. मला सबंध रस्ता अप्पांच्या कोपराकडे बघत बसवलंस."

रेघाताईंना वाटलं, आता आई रडणार, गळ्यात पडणार. आईने पिशवी धपकन खाली ठेवली.

"मी? मी खिडकीत? ताई, खोटं बोलू नकोस. खिडकी तुला दिली होती, मोठी म्हणून."

"तुला दिली. तू रडलीस म्हणून."

"रडलीस तू."

त्या बसचा रंग कोणता होता इथून सुरुवात झाली, अप्पांचं लाडकं कोण इथवर गेली, आणि चहा निवून गेला तरी दोघींपैकी एकही मागे हटेना. फोनवर आई घरात आहे का विचारणारी मावशी त्या बसच्या कंडक्टरची मिशीसुद्धा सांगत होती. मावसभाऊ आ वासून बघत राहिला. शेवटी आई फणकाऱ्याने उठली. "चल गं, गाडीची वेळ झाली. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

जड मनाने रेघाताई तिच्यामागे गाडीत चढल्या. "आई, काय गं हे? किती वर्षांनी भेटलात आणि भांडत बसलात."

"मग काय गळ्यात पडून रडायचं?" आई खिडकीपाशी बसत म्हणाली. "मागच्या खेपेला दिवसभर रडलो दोघी. पुन्हा भेट होते की नाही म्हणून. भांडायला पुढची भेट लागते बाई."

रेघाताई तिच्या शेजारी बसल्या. रेघा ओढण्यात हयात गेली, पण एका रेघेतून एवढं जाऊ शकतं हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

गाडी सुटणार तोच काचेवर काठी वाजली. मावशी लेकाच्या हाताला धरून, धापा टाकत थांब्यापर्यंत चालत आली होती. ड्रायव्हरने गाडी रोखली. आईने काच सरकवली.

"बघ," मावशी खालून म्हणाली. "आतासुद्धा खिडकीत तूच आहेस."

आईने काच सरकवून बंद केली. गाडी निघाली. मावशी दिसेनाशी होईपर्यंत ती मान वळवून बघत होती. मग पुढे वाकून तिने कंडक्टरला विचारलं, "बाळा, परवाची पहिली गाडी आमच्याकडून कधी निघते रे?"